जांभळीखालची वीस मिनिटं

गाडी दुरुस्तीला आणणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न असतो, की हा मेस्त्री आपल्याला नक्की कुठं फसवणार. मी १९९८ पासून २०१० पर्यंत पिरंगुटात गॅरेज चालवलं. एवढ्या वर्षांत पहिल्याच भेटीत माझ्यावर विश्वास टाकणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. सूसच्या एका सोसायटीतल्या बाई तर गाडी सोडताना बॅटरीला, डायनॅमोला आणि चारही टायरांना आतल्या बाजूनं नेलपॉलिशचे ठिपके लावून जायच्या. मी चांगले भाग काढून जुने घालीन अशी त्यांची खात्री होती. आधी मला राग आला. मग दुसऱ्या एका गॅरेजचा कारभार मी जवळून बघितला आणि बाईंचं काही चुकत नाही असं माझं मत झालं.

हा संशय दोन्ही बाजूंनी असतो, हे मात्र गिऱ्हाइकाला ठाऊक नसतं. आम्हीही त्याच्यावर काडीचा विश्वास ठेवत नाही. ‘कालपर्यंत झकास चालत होती’ याचा अर्थ दोन महिने कुरकुरत होती. ‘मी कशालाच हात लावला नाही’ म्हणजे मेहुण्यानं बॉनेट उघडून वायर ओढलेली असते. आणि पगारी ड्रायव्हर जे सांगेल त्यातलं अर्धं सोडून द्यायचं, उरलेल्या अर्ध्याची खातरजमा करायची, हे मी भवानी पेठेत उस्तादांकडे शिकलो. पाना नंतर हातात आला, संशय आधी. त्या संशयानं मला बारा वर्षं पोसलं, हे मी नाकारत नाही.

संपादकांनी मला धंद्यातल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या आहेत. एक गंमत सांगतो. त्यानंतर जे सांगणार आहे ती गंमत नाही.

आधी थोडं इंजिनाबद्दल, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मी धंदा सुरू केला तेव्हा बहुतेक गाड्या कार्ब्युरेटरच्या होत्या. त्यांचं दुखणं कानाला कळायचं. पेट्रोल जास्त जातंय की हवा कमी पडतेय, हे मी रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीच्या आवाजावरून सांगायचो आणि त्याचा मला माज होता. पुढं दोन-तीन वर्षांत इंजेक्शनच्या गाड्या आल्या. त्यांच्यात एक छोटा कॉम्प्युटर असतो. तो बिचारा आंधळा आणि बहिरा. इंजिन किती तापलंय, हवा किती येतेय, इंजिनाचा दांडा किती वेगानं फिरतोय, हे सगळं त्याला सेन्सर येऊन सांगतात. सेन्सर म्हणजे त्याचे खबरे. खबऱ्यानं खोटी खबर दिली की कॉम्प्युटर खोट्यावर कारभार करतो, आणि खबऱ्या गप्प झाला की हातपाय गाळून बसतो. इंजिन धडधाकट असून गाडी चालत नाही.

आता गंमत. म्हाळुंग्याचे एक तात्या होते. जमीन बिल्डरला दिली आणि नवीकोरी गाडी दारात आणली. वर्षभरानं ती माझ्याकडे आली ती पेट्रोल पिते या तक्रारीवर. तात्यांनी तोवर तीन पेट्रोलपंपांवर भांडणं केली होती, सगळे पंपवाले चोर आहेत असा निकालही देऊन टाकला होता. मी आत बसलो तर समोरच्या काट्यांच्या काचेवर एक लाल टिकली चिकटवलेली. मी ती नखानं काढली. खाली इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा जळत होता.

“ही टिकली कुणी लावली तात्या?”

“मंडळींनी. त्यो दिवा लई दिवस डोळ्यात खुपत व्हता. विजतच न्हवता.”

आठ महिने तो दिवा ओरडून सांगत होता की सायलेन्सरच्या नळीतला सेन्सर गेलाय. धुराचा वास घेऊन पेट्रोल कमी-जास्त करायला सांगणारा तो खबऱ्या. तो बिघडल्यावर कॉम्प्युटर आपला पेट्रोल ओततच राहिला. मी सेन्सर बदलला आणि तात्यांना बजावलं, की दिवा लागला तर टिकली लावू नका, मला फोन लावा. ही गोष्ट मी पुढं कित्येक वर्षं गिऱ्हाइकांना रंगवून सांगितली. दिसत असलेल्या गोष्टीवर टिकली लावणारी माणसं कशी असतात, म्हणून मीही हसायचो. माझ्या स्वतःच्या डोळ्यांवर कुणी टिकली लावली होती, ते मला २००५ मध्ये कळलं.

किसन हा पिरंगुटाच्या पुढच्या मुठा गावचा. तेव्हा चाळिशीचा असेल. भाताची थोडी शेती होती, ती भावांत वाटली गेल्यावर तो ड्रायव्हर झाला. अंगानं काटक, बोलायला कमी. सूसला राहणाऱ्या वानखेडे साहेबांकडे तो नोकरीला होता. वानखेडे मूळचे अमरावतीकडचे, हिंजवडीत एका कंपनीत होते. त्यांचं काम सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं, असं त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. मी म्हटलं, मग आपण एकाच धंद्यातले. त्यांनी मुठ्यात एक गुंठेवारीचा तुकडा घेऊन शनिवार-रविवारसाठी बंगला बांधायला काढला होता. आठवडाभर किसन सूसहून फरश्या, नळाचं सामान, रंगाचे डबे गाडीत भरून मुठ्याला टाकायचा आणि दुपारी रिकामी गाडी घेऊन परतायचा.

२००४ च्या मे महिन्यात एके दुपारी दोनच्या सुमारास किसन गाडी घेऊन माझ्या दारात आला. गाडीतून उतरायच्या आधीच म्हणाला, “मेस्तरी, आत्ताच्या आत्ता बगा. आत्ता बंद पडून आली हाय. मुठ्याच्या चढाला, जांभळीपाशी. ईस मिंटं थांबलं की आपली आपण चालू हुतीया.”

आता माझ्या गॅरेजचा एक नियम सांगायला हवा. तो उस्तादांचा नियम, मी तो देवाच्या नेमासारखा पाळायचो. आलेली गाडी आधी सावलीत लावायची, तासभर थंड होऊ द्यायची, मग धुवायची, आणि त्यानंतर बॉनेटला हात. गरम इंजिनात हात घालणारा मेस्त्री हात तरी भाजून घेतो नाहीतर इंजिनाचं हेड तरी वाकवतो, असं उस्ताद म्हणायचे, आणि त्यांच्या मनगटावर तशी खूणही होती. शिवाय धुतलेल्या इंजिनावर तेलाची गळती लगेच दिसते. गिऱ्हाइकावरही छाप पडते. मी किसनला तेच सांगितलं, थंड होऊ दे.

“थंड झाल्यावर कळायचं न्हाई ओ,” किसन म्हणाला. “थंड झाली की ती चांगलीच असतीया.”

मला राग आला. ड्रायव्हरनं मला शिकवावं? मी गाडी सावलीत ढकलली, थंड केली, धुतली आणि मग उघडली. प्लग, कॉइल, पेट्रोलचा पंप, वायरिंग सगळं बघितलं. तेव्हा मी नुकताच एक हातात धरायचा स्कॅनर घेतला होता. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडला की तो त्यात नोंदलेले दोष दाखवतो. त्यानंही काही दाखवलं नाही. समोरचा पिवळा दिवाही लागलेला नव्हता. घोटावडे फाट्यापर्यंत फेरी मारून आलो. गाडी लोण्यासारखी चालली.

पुढच्या दोन आठवड्यांत गाडी आणखी तीनदा बंद पडली. तीनही वेळा त्याच चढावर, तीनही वेळा किसन एकटा असताना. साहेब रविवारी स्वतः चालवायचे तेव्हा एकदाही नाही. मग वानखेडे स्वतः गाडी घेऊन आले, किसनला बरोबर घेऊन. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, की खरंच अशी गाडी बंद पडते का. त्यांच्या घरी सगळ्यांनाच शंका यायला लागली होती. जिथं गाडी बंद पडते तिथून खाली दोन शेतं ओलांडली की किसनच्या थोरल्या बहिणीचं घर आहे, हे त्यांना बंगल्यावरच्या गवंड्यानं सांगितलं होतं. हा तिथं जेवायला जातो, ताणून देतो आणि गाडीवर बिल फाडतो, असं त्यांचं म्हणणं.

मी गाडी तीन दिवस ठेवून घेतली. पुन्हा थंड केली, पुन्हा धुतली. यंत्रात काही सापडेना तेव्हा मी माणसाचा शोध सुरू केला. ड्रायव्हरच्या सीटखाली मला जांभळाच्या बिया सापडल्या, आणि पायाखालच्या मॅटवर जांभळे डाग. झालं, मला वाटलं पुरावा मिळाला. हा जांभळीखाली बसून जांभळं खातो आणि गाडी बंद पडली म्हणतो. ‘गाडी बंद पडली’ हे ड्रायव्हर लोकांचं जगातलं सगळ्यात जुनं कारण आहे, ते मला नवं नव्हतं.

चौथ्या दिवशी दोघं आले. वानखेड्यांनी विचारलं, काय निघालं. मी त्यांच्या हातावर त्या बिया ठेवल्या आणि म्हणालो, “साहेब, गाडीत दोष नाही. दोष कुठं आहे तो तुम्ही बघा.”

हे वाक्य मी किसनच्या समोर बोललो. गॅरेजात तेव्हा आणखी चार माणसं होती. ओळखीचे दोन ड्रायव्हर होते, एका सोसायटीचा वॉचमन होता, एक रिक्षावाला होता. वाक्य चांगलं जमलं म्हणून मला बरंही वाटलं, हे लिहिताना आज लाज वाटते, पण वाटलं होतं.

किसन बियांकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “मेस्तरी, एक डाव माझ्यासंगं दुपारचं चला. मुठ्याला जाऊ, माल उतरवू आन् येऊ. बंद न्हाई पडली तर मी तुमच्या गॅरेजात झाडू मारीन.”

मी म्हणालो, मला तेवढाच उद्योग नाही. वानखेड्यांनी तिथंच त्याच्याकडून किल्ली घेतली.

किसनची नोकरी गेली, एवढंच असतं तर तो दुसरीकडे लागला असता. आमच्या भागात ड्रायव्हरला नोकरी कागदावर मिळत नाही, शब्दावर मिळते. सूस, बाणेर, म्हाळुंगे, सगळीकडे एक वॉचमन दुसऱ्याला सांगतो, एक ड्रायव्हर दुसऱ्याला. माझं वाक्य त्या चार माणसांबरोबर माझ्यापेक्षा जास्त फिरलं. एका शाळेच्या बसचा ठेकेदार किसनला कायमचा घ्यायला तयार होता. त्यानं आधीच्या मालकाला फोन केला आणि मग विषय सोडून दिला. ज्याच्या गाडीत पोरं बसणार तो खोटं बोलणारा नको, हे त्या ठेकेदाराचं म्हणणं बरोबरच होतं. गावातली पोरं किसनला रस्त्यात विचारायची, काय किसनदादा, आज चालू हाय का बंद? तो लोकांच्या बंगल्यांवर गवत काढायला आणि कुंपणं छाटायला लागला. हे सगळं मला तेव्हाच कळलं होतं. मी म्हटलं, करावं तसं भरावं.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये, बंगला पुरा होऊन वास्तुशांतही उरकल्यावर, एक दिवस भर दुपारी वानखेड्यांचा मोबाइलवर फोन आला. आईला घेऊन मुठ्याहून निघाले होते, चढावर गाडी बंद पडली होती, रेंजसाठी माथ्यापर्यंत चालत येऊन बोलत होते. मी हत्यारांची पिशवी घेऊन मोटरसायकलवर गेलो. पोचलो तेव्हा गाडी एकदा सुरू होऊन, शंभर पावलं चालून पुन्हा मेली होती. आजी मागच्या सीटवर पदरानं वारा घेत बसल्या होत्या. त्यांचा जीव घाबरा झाला होता. थांबायला वेळ नव्हता, धुवायला पाणी नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी तापलेल्या इंजिनात हात घातला.

प्लगला ठिणगीच नव्हती. मी वायर धरत धरत खाली गेलो. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जुळतात तिथं अंगठ्याएवढा एक सेन्सर असतो. दांडा कुठं आणि किती वेगानं फिरतोय ही खबर तो कॉम्प्युटरला देतो. त्याच्या पोटात केसाएवढ्या तारेचं वेटोळं असतं. ती तार आतून तडकलेली असेल, तर गार असताना टोकं एकमेकांना टेकून राहतात आणि तापली की सुटतात. मी आजींच्या बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतलं आणि ते फडकं सेन्सरवर दाबून धरलं. दोन मिनिटांनी साहेबांना चावी मारायला सांगितली. गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली.

माझं मनगट भाजलं होतं, उस्तादांचं भाजलं होतं तिथंच. मी डोकं वर केलं. समोर जांभूळ होती.

मी काय केलं होतं ते मला त्याच क्षणी कळलं. दोष फक्त तापल्यावर दिसणारा, आणि मी दर वेळी आधी तो दोष धुऊन टाकायचो, मग शोधायला बसायचो. किसननं पहिल्या दिवशी सांगितलं होतं, थंड झाल्यावर कळायचं न्हाई. त्याला वायर कळत नव्हती, सेन्सर कळत नव्हता, पण मला जे हवं होतं ते सगळं त्यानं एका वाक्यात दिलं होतं.

आणि तरी मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी सेन्सर बदलला आणि वानखेड्यांना म्हणालो, एक पार्ट गेला होता, टाकलाय नवा. ते ‘थँक्स मिस्त्री’ म्हणाले. मागच्या वर्षीच्या गोष्टीशी याचा काही संबंध असेल असं त्यांना वाटलं नाही, की वाटूनही बोलले नाहीत, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांच्या सोसायटीतल्या कितीतरी गाड्या माझ्याकडे यायच्या. खोटं पडलेल्या मेस्त्रीकडे कोण येतं? जुना सेन्सर मी फेकला नाही. ड्रॉवरमध्ये ठेवला. ड्रॉवर उघडला की तो दिसायचा. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी मी तो खिशात घालून मुठ्याला गेलो. किसन एका बंगल्याच्या मेंदीचं कुंपण छाटत होता. मी सगळं सांगितलं, सेन्सर त्याच्या हातात दिला. त्यानं तो उलटासुलटा करून बघितला. मला वाटलं होतं तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

“हे मला कशापाई सांगताय?” तो म्हणाला. “मला ठावंच व्हतं. तुमी ज्यांना सांगितलं व्हतं, त्यांना जाऊन सांगा.”

सेन्सर त्यानं मला परत दिला आणि कात्री उचलली.

त्याच संध्याकाळी मी सूसला वानखेड्यांच्या घरी गेलो. चहा आला. मी सांगितलं की मागच्या वर्षी माझं चुकलं, किसन खरं बोलत होता, दोष हाच होता. वानखेडे शांतपणे ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, “मिस्त्री, तुमचं आणि त्याचं काय ठरलंय?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्या शाळेच्या ठेकेदाराला पुन्हा ड्रायव्हर हवे होते, आणि त्यानं त्याच आठवड्यात वानखेड्यांना पुन्हा फोन केला होता. त्यांना वाटलं किसननं मला मध्ये घातलंय. जुना कुठलाही सेन्सर खिशात घालून आणता येतो, असंही ते म्हणाले. मी त्या माणसाबद्दल खोटं बोललो तेव्हा चार जांभळाच्या बिया पुरल्या होत्या. आता खरं सांगत होतो तर तो भाग हातात घेऊनही पुरत नव्हता. मला बाईंचे नेलपॉलिशचे ठिपके आठवले.

पण वानखेडे वाईट माणूस नव्हते. कप खाली ठेवून म्हणाले, “आमच्याकडे पद्धत आहे. चूक आहे असं कुणी म्हटलं तर ती पुन्हा घडवून दाखवायची. दाखवा, मी मान्य करतो.”

मी म्हणालो दाखवतो. ही पद्धत त्यांना मागच्या वर्षी का आठवली नाही, हे मी विचारलं नाही. कुठल्या तोंडानं विचारणार होतो? मलाही आठवली नव्हतीच.

रविवारी सकाळी मी नवा सेन्सर काढून तो जुना परत बसवला. चांगल्या गाडीत मुद्दाम बिघाड घालायचं काम मी तेवढं एकदाच केलं. बाराच्या उन्हात निघालो. साहेब चालवत होते, मी शेजारी, किसन मागं. तो यायला तयार नव्हता. मी त्याच्या बायकोला सांगितलं, तिनं त्याला पाठवला. मुठ्याला पोचलो, साहेबांनी बंगल्यापाशी गाडी वळवली आणि तसेच परत निघाले.

चढ लागला. आयुष्यभर मी गाड्या चालाव्यात म्हणून देवाला हात जोडले. त्या दिवशी ती बंद पडावी म्हणून जोडत होतो. जांभूळ आली. जांभूळ मागं गेली. गाडी घुमत घुमत चढाच्या माथ्यावर पोचली.

साहेबांनी गाडी बाजूला घेतली आणि माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मला पाठ होता. मी स्वतः त्याच चेहऱ्यानं किसनकडे बघितलं होतं. मला क्षणभर खरंच वाटून गेलं, की किसन तेव्हा खोटंच बोलत असला तर? संशयाची सवय इतकी वाईट असते.

मागून किसन बोलला. “सायेब, मी माल उतरवायचो तवा गाडी उन्हात धा मिंटं बंद असायची. तुमी उभं न्हाई ऱ्हायला.”

तो म्हणाला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. चालत्या गाडीला वारा लागतो, पाणी फिरतं. तापलेली गाडी बंद करून उभी केली की सगळी उष्णता इंजिनातून वर चढत राहते आणि दहा-पंधरा मिनिटं सेन्सर आणखीच भाजून निघतो. म्हणून ती साहेबांच्या हातात कधी बंद पडत नव्हती. ते सकाळी जायचे आणि दिवसभर थांबून संध्याकाळच्या गारव्यात परतायचे. मार्चमध्ये मात्र आईला घ्यायला भर दुपारी गेले होते, बंगल्यापाशी थोडे थांबून निघाले होते. मी त्यांना हे सांगितलं. आता हा नवा बहाणा, असं त्यांच्या मनात आलं असेलही. पण त्यांनी गाडी पुन्हा खाली नेली, बंगल्याच्या दारात बंद केली आणि घड्याळ बघून दहा मिनिटं उन्हात उभे राहिले.

परत निघालो. चढ लागला. साहेबांनी तिसरा गिअर टाकला, मग दुसरा. जांभळीच्या अलीकडे इंजिन एकदा अडखळलं, आणि कुणीतरी बटण बंद करावं तसं मेलं. साहेबांनी चावी मारली. स्टार्टर फिरत राहिला, इंजिन उचलेना. पुन्हा मारली. पुन्हा. चौथ्यांदा त्यांनी हात चावीवरून काढून घेतला आणि स्टिअरिंगवर ठेवला.

किसन खाली उतरला. रस्त्याच्या कडेला वाढलेल्या गवतात त्यानं हात घातला आणि एक चपटा दगड काढला. त्याच्यावर टायरचा काळा पट्टा होता. मागच्या वर्षी दर वेळी चाकाला लावायचा तो दगड, जिथं ठेवला होता तिथंच होता. त्यानं तो मागच्या चाकाला लावला, पायानं दाबून बघितला. मग जांभळीच्या बुडाशी जाऊन बसला. झाडाला मोहर आलेला होता.

साहेब गाडीपाशीच उभे होते. किसन थोडा सरकला आणि शेजारची जागा हातानं झाडली.

“बसा सायेब,” तो म्हणाला. “ईस मिंटं लागत्यात.”

साहेब बसले. माझ्याजवळ पाण्याची बाटली होती, फडकं होतं. मी गाडी दोन मिनिटांत सुरू करू शकलो असतो, पण मला तो हक्क नाही असं वाटलं. मीही जाऊन बसलो. साहेब म्हणाले, “किसनराव, माझं चुकलं. परत कामावर याल का?” किसन म्हणाला, नको. शाळेच्या गाडीवाल्याला तेवढा फोन करा. साहेबांनी लगेच मोबाइल काढला. रेंज नव्हती. ते उठले आणि उन्हात चढाच्या माथ्यापर्यंत चालत गेले. तिथं उभं राहून ते फोनवर बोलताना आम्हाला दिसत होते. मीही किसनला म्हणालो की माझं चुकलं. तो म्हणाला, “तुमी त्या चौघांना सांगा.” मी त्या आठवड्यात चौघांनाही गाठून सांगितलं. एकानं ऐकून घेतलं, दोघं हसले, आणि रिक्षावाल्यानं मला विचारलं की किसननं किती दिले.

त्या दिवसापासून मी गॅरेजात गरम आलेली गाडी गरमच उघडायला लागलो. उस्ताद असते तर रागावले असते.

साहेब खाली येईपर्यंत वीस मिनिटं होऊन गेली होती. त्यांनी चावी मारली, गाडी सुरू झाली. किसननं चाकाचा दगड काढून गवतात होता तिथं ठेवला. मी त्याच्यासाठी मागचं दार उघडलं. तो बसला नाही. खाली दोन शेतांपलीकडं कौलं दिसत होती, तिकडं त्यानं बोट केलं.

“अक्काचं घर हाय,” तो साहेबांना म्हणाला. “हितं इतक्या डाव थांबलो, पन सायेबाची गाडी सोडून कसं जायाचं म्हनून कवा गेलो न्हाई. आज गाडी माझ्या ताब्यात न्हाई. जाऊन येतो.”

आणि तो बांधावरून खाली उतरला.